जोड की अंग? रायफलच्या सायलेन्सरचा एक जुना प्रश्न

सायलेन्सर म्हटलं की आपल्याला मोटारसायकल आठवते. ते फारसं चूक नाही. रायफलचा सायलेन्सर बाजारात रुजवणारा अमेरिकन हायरम पर्सी मॅक्सिम मुळात मोटारगाड्यांचा इंजिनिअर. वडील सर हायरम मॅक्सिम मशीनगनचे जनक, आणि बंदुकांच्या आवाजापायी त्यांचे कान गेलेले. मुलाने १९०९ साली आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचं पेटंट मिळवलं. आता यात काय वाचायचं ते तुम्ही वाचा.

पण आवाज दाबणं हे अर्धंच काम. नळकांडं रायफलला बसवायचं कसं? नळीच्या तोंडावर आटे पाडले तर पकड पक्की, पण नळी कायमची बदलते. ज्यांना नळीला हात लावायचा नव्हता, त्यांच्यासाठी वेगळं कपलिंग निघालं. दोन्हीकडे एक अट समान. नळी आणि सायलेन्सरचं भोक एका रेषेत हवं. किंचित तिरकं बसलं की गोळी आतल्या पडद्यांवर आदळणार. शिवाय टोकाला वजन आलं की नळीची थरथर बदलते, नेम सरकतो. तो दर वेळी सारखाच सरकला तर सांभाळून घेता येतो. म्हणून काढून पुन्हा लावल्यावर सायलेन्सर अगदी तिथेच बसला पाहिजे. मॅक्सिमच्या १९१० च्या मॉडेलमध्ये तर भोक मुद्दाम मध्याच्या वर होतं, फुगवटा खाली राहून नेमाची माशी दिसावी म्हणून. म्हणजे आटे नेमके कुठे थांबतात, यालाही महत्त्व आलं!

आपले न्याय-वैशेषिकवाले इथे हसले असते. दोन वेगळ्या वस्तू जुळतात आणि सुटतात, तो संयोग. सुटूच शकत नाही, तो समवाय. आट्यांचा सायलेन्सर हा शुद्ध संयोग. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची डी लाइल कार्बाइन मात्र समवायाच्या जवळ गेली. तिची आखूड नळी सायलेन्सरच्या पोटातच, माशीसुद्धा त्याच्याच अंगावर. गोळी .४५ ची, ध्वनीपेक्षा संथ. त्यामुळे हवेतला कडाकाही नाही. बंदूक विलक्षण शांत झाली. किंमत एवढीच, की सायलेन्सर उतरवून वापरावी असं तिच्यात काही उरलं नाही.

अमेरिकन कायद्याने या वादाचा निकाल त्याआधीच, १९३४ मध्ये, आपल्या पद्धतीने लावला होता. नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टने सुट्या सायलेन्सरलाच 'फायरआर्म' ठरवलं आणि त्याच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर बसवला. रायफलला जोडलेला असो वा टेबलाच्या खणात पडलेला.