येवला : पर्यटन आणि लोकजीवन

येवला : नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे शहर. लोकसंख्या सुमारे ५० हजार (२०११). नाशिकच्या पूर्वेस सुमारे ८५ किमी., मनमाडच्या दक्षिणेस सुमारे २५ किमी. आणि शिर्डीपासून साधारण ३० किमी. अंतरावर. नाशिक–छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड–अहिल्यानगर हे दोन रस्ते शहरातील विंचूर चौफुलीवर एकमेकांना छेदतात. तालुक्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण आहे. शेती कांद्यावर आणि पालखेड कालव्याच्या आवर्तनांवर अवलंबून आहे. अशा कोरड्या मुलखातल्या गावाला महाराष्ट्रभर नाव मिळाले ते हातमागावरच्या पैठणीमुळे आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येथे झालेल्या एका घोषणेमुळे. बाहेरून माणसे येतात तीही मुख्यतः या दोन कारणांनी. पर्यटनाने येवल्याचे काय केले हे पाहायचे तर या दोन ओघांचा वेगळा विचार करावा लागतो. पहिला ओघ खरेदीचा आहे, दुसरा श्रद्धेचा, आणि गावावर त्यांचे झालेले परिणाम फार भिन्न आहेत.

येवल्याला विणकाम आणले ते शहराचे संस्थापक मानले जाणारे रघोजी नाईक यांनी. शामदास वालजी या गुजराती व्यापाऱ्याला धंद्याच्या मक्त्याचे वचन देऊन त्यांनी रेशीम विणणारे कारागीर येथे वसवले, अशी परंपरा सांगितली जाते. पैठणीचे मूळ गाव गोदाकाठचे पैठण. पेशवाईत आणि पुढे निजामाच्या राजवटीत तिला मोठा आश्रय होता. तो आटल्यावर पैठणचे माग कमी होत गेले आणि येवल्याचे टिकले. साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा अनेक समाजांच्या हातांनी हा धंदा चालला. शहराबरोबरच नागडे, वडगाव, बल्हेगाव या आसपासच्या गावांतही माग आहेत. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले २०१० मध्ये. त्यात पैठण आणि येवला या दोन्ही ठिकाणांच्या विणकरांना नाव वापरण्याचा हक्क आहे. व्यवहारात मात्र लोक ‘येवल्याची पैठणी’ असेच म्हणतात, आणि पैठणकरांना त्याचे थोडे दुःख वाटले तर ते रास्त आहे.

पैठणीसाठी येणारा माणूस स्वतःला पर्यटक म्हणवत नाही. तो लग्नाचा बस्ता बांधायला येतो. पुण्या-मुंबईहून, खानदेशातून, मराठवाड्यातून गाडी करून घरची पाच-सात माणसे येतात. नवरी, तिची आई, मावशी, आत्या, कधी सासरकडच्या बायकाही सोबत असतात. दिवसभर दुकाने पालथी घालून ती संध्याकाळी परततात. शिर्डीचे दर्शन करून परतणारी कुटुंबेही येवल्यात थांबतात. वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्यांची वाट याच चौफुलीवरून जाते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने अंगणगाव येथे पैठणी पर्यटन केंद्र उभारले ते हा ओघ लक्षात घेऊनच. या प्रवाशांचा मुक्काम मात्र शिर्डीला किंवा नाशिकला असतो. येवल्याच्या वाट्याला येतात ते काही तास. त्यामुळे पर्यटनाचा पैसा साडीच्या दुकानांत आणि चहा-नाश्त्याच्या हॉटेलांत पडतो. राहण्याच्या सोयी, वाटाडे, जुन्या वाड्यांची निगराणी यांपर्यंत तो फारसा पोहोचत नाही.

या ओघाला दूरचित्रवाणीनेही बळ दिले. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमात विजेत्या वहिनींना पैठणी मिळू लागली, आणि एरवी श्रीमंत घरच्या लग्नातच दिसणारे हे वस्त्र मध्यमवर्गीय बाईच्या हक्काच्या हौसेत जमा झाले. त्यानंतर पैठणी ‘कुठे मिळते’ हे विचारत माणसे थेट येवल्याला येऊ लागली. पूर्वी येवल्याचा माल व्यापाऱ्यामार्फत शहरांत जाई आणि विणकराला गिऱ्हाईक दिसतही नसे. आता गिऱ्हाईकच दारात आले. या एका बदलातून पुढचे बरेच काही घडले.

पहिला परिणाम घराच्या रचनेत दिसतो. माग पूर्वी घरातल्या आतल्या खोलीत, खड्ड्यात पाय सोडून बसायचा असे. आता अनेक दुकानांत तो दर्शनी भागात मांडलेला असतो. गिऱ्हाईक आधी माग बघते, फोटो काढते, एखादा धागा टाकून पाहते आणि मग गादीवर बसून साड्या उलगडायला सांगते. विणकाम दाखवणे हा विक्रीचाच भाग झाला आहे. यात फायदा आहे. पदरावरचा एक मोर विणायला किती वेळ लागतो हे डोळ्यांनी पाहिलेली बाई किमतीवर घासाघीस करताना जरा थांबते. पैठणीच्या पदरात नक्षीच्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. ती विणकर बोटांनी ताण्याच्या धाग्यांतून फिरवतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो. म्हणून अस्सल पदराची उलटी बाजू सुलट्या बाजूसारखीच स्वच्छ असते, मागे धागे लोंबत नाहीत. साधी पैठणी उतरायला महिना-दीड महिना लागतो, भरगच्च ब्रोकेटला वर्षही पुरत नाही. किमती दहा-बारा हजारांपासून काही लाखांपर्यंत जातात.

दुसरा परिणाम नक्षीवर झाला. नारळी काठ, मुनिया, असावली, अजिंठ्याचे कमळ, बांगडी मोर हा जुना संग्रह अजून चालतो, पण मागणी सारखी मोराचीच. बाहेरून येणाऱ्याच्या मनात पैठणी म्हणजे मोर हे पक्के बसले आहे, आणि जे मनात बसले आहे तेच मागावर चढते. सिंगल पदर, डबल पदर, अंगभर ब्रोकेट असे प्रकार गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे मांडले गेले. पैठणीचे जॅकेट, बटवा, फेटा, पर्स या वस्तूही आल्या, कारण शिर्डीहून परतताना थोडक्या पैशांत काहीतरी येवल्याचे न्यावेसे वाटणारे लोकही असतात. रंगांच्या बाबतीत कारागिरांनी मोकळेपणा दाखवला आहे आणि तो चांगला आहे. नक्षीच्या बाबतीत मात्र मागणीने निवड अरुंद केली. जुन्या असावलीचा पदर विणू शकणारे हात जपायचे असतील तर त्यांना कामही सतत मिळायला हवे, आणि बस्त्याच्या बाजारातून ते मिळत नाही.

तिसरा परिणाम बाहेरच्याला कळत नाही. एकेकाळी जरीची तारही येवल्यात ओढली जाई. चांदीची लगड, तिच्यावर सोन्याचा मुलामा, तारकशी, तार चपटी करणे, रेशमावर गुंडाळणे अशी कामे करणारे वेगवेगळे कारागीर गावात होते आणि इंग्रजांच्या काळातील जिल्हा गॅझेटिअरनेही त्या धंद्याची दखल घेतली. आज जर सुरतेहून येते आणि रेशीम प्रामुख्याने कर्नाटकातून. माग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आहे म्हणून तो टिकला. तारकशीची भट्टी कोणी बघायला येत नव्हते, ती विझल्याचे फारसे कोणाला जाणवलेही नाही. येवल्याच्या वारशाबद्दल बोलताना ही गोष्ट नेहमी सांगितली जावी, कारण पर्यटन एखाद्या धंद्याचा दिसणारा टोकाचा भाग जगवते आणि मागची साखळी आपोआप जगेल असे गृहीत धरते.

मजुरीचा प्रश्नही याच साखळीतला आहे. पुष्कळ विणकर स्वतःचा माल विकत नाहीत. दुकानदार रेशीम आणि जर देतो, विणकर साडी उतरवून देतो आणि मजुरी घेतो. घरातल्या बायका रेशीम उकलतात, कांड्या भरतात, अनेक जणी स्वतः मागावर बसतात. दुकानाच्या पाटीवर त्यांचे नाव नसते. पाहुणे वाढले की दुकानदाराचा गल्ला त्याच दिवशी वाढतो, मजुरीला मात्र तो वेग येत नाही. त्यातच यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ बाजारात आली. लांबून ती तशीच दिसते, किंमत कितीतरी कमी, आणि अनेकदा ती हातमागाची म्हणूनच खपवली जाते. भौगोलिक मानांकन, सिल्क मार्क, हँडलूम मार्क ही साधने आहेत, पण काही तासांसाठी आलेल्या माणसाला त्यांची माहिती नसते आणि सांगणाऱ्याला ती सांगण्यात नेहमीच रस असतो असे नाही.

दुसरा, श्रद्धेचा ओघ खरेदीच्या ओघाहून पूर्ण वेगळा. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह नाशिकला २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. पाच वर्षे उलटूनही मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडले नाही. त्या अनुभवानंतर येवल्यात दलित वर्गाची परिषद भरली आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मंदिर प्रवेशासाठी आता शक्ती खर्च करू नये, अशी दिशाही याच परिषदेने दिली. २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. तिची वाट येवल्यातून निघाली होती. परिषदेच्या स्मरणार्थ उभारलेले मुक्तिभूमी स्मारक आज शहराची दुसरी मोठी ओळख आहे.

दर वर्षी १३ ऑक्टोबरला येथे मोठा समुदाय जमतो. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, निळे झेंडे, भिक्खू संघ, पुस्तकांचे आणि मूर्तींचे स्टॉल, भीमगीतांचे जलसे. नागपूरची दीक्षाभूमी, मुंबईची चैत्यभूमी, महाडचे चवदार तळे या ठिकाणांच्या मालिकेत येवला बसते. येथे येणारे लोक शहर बघायला आलेले नसतात, खरेदीलाही नाही. आपल्या इतिहासाच्या एका जागेवर उभे राहायला ते येतात. ते पुस्तके घेतात, वंदना करतात आणि रात्री मिळेल त्या गाडीने परततात. या गर्दीला सरकारी आकडेवारीत पर्यटक म्हणून मोजता येईल, पण तिच्यामुळे गावाला मिळाले ते पैशापेक्षा वेगळे आहे. येवल्याचा दलित माणूस आपल्या गावाचे नाव परगावी ज्या अभिमानाने सांगतो, तो अभिमान या गर्दीने दरवर्षी भरून दिला आहे. गावाच्या जाहिरातीत पैठणी पहिल्या ओळीत आणि मुक्तिभूमी नंतर कुठेतरी येते. हा क्रम बदलायला हवा, कारण भारताच्या इतिहासात येवल्याचे स्थान ठरले ते त्या घोषणेने.

या दोन ओघांबाहेरच्या जागाही येवल्यात आणि तालुक्यात आहेत. तात्या टोपे यांचा जन्म येवल्याचा (१८१४). बाजीराव दुसरे बिठूरला गेले तेव्हा टोपे यांचे कुटुंबही तिकडे गेले. १८५७ च्या लढ्यानंतर, १८ एप्रिल १८५९ रोजी, त्यांना शिवपुरीला फाशी देण्यात आले. गावात त्यांचे स्मारक आहे, तथापि त्यासाठी मुद्दाम येणारे थोडे. तालुक्यातील अनकाई-टनकाई हे जोडकिल्ले आणि त्यांच्या पायथ्याची जैन लेणी गिर्यारोहकांच्या परिचयाची आहेत. ममदापूर-राजापूरच्या माळरानावर काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. उन्हाळ्यात तिथे प्राण्यांना आणि माणसांना पाणी एकाच वेळी कमी पडते, त्यामुळे काळवीट पाहायला येणाऱ्या गाड्यांबद्दल गावकऱ्यांचे मत पिकाच्या स्थितीवर ठरते. कोटमगावच्या जगदंबेची नवरात्रातली यात्रा मोठी असते. तेथे घटी बसायला येणाऱ्या बायका नऊ दिवस मंदिर परिसरातच राहतात. तालुक्यात इतका दीर्घ मुक्काम दुसरा कोणताच पाहुणा करत नाही.

रेल्वेने एक अनपेक्षित वाट उघडली. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरील नगरसूल हे येवला तालुक्यातील लहान स्थानक. शिर्डीला जाणाऱ्या आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडूच्या भाविकांसाठी दक्षिणेतल्या अनेक गाड्या तिथपर्यंत येऊ लागल्या. नगरसूलच्या फलाटावर तेलुगू ऐकू येते, आणि बाहेर जीपवाल्यांनाही तिच्यातली भाड्याची बोली येते. शिर्डीचे स्वतःचे रेल्वे स्थानक २००९ मध्ये आणि विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला तरी ही वाहतूक थांबलेली नाही.

येवल्याचे दोन सण मात्र पाहुण्यांच्या सोयीसाठी कधी बदलले नाहीत. संक्रांतीला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारे गाव गच्चीवर असते. पतंगाच्या या वेडामागे गुजराती वस्तीचा वारसा आहे असे मानतात. दोरा गुंडाळायचे साधन येथे आसारी म्हणून ओळखले जाते, आणि रेशीम उकलायच्या साधनाचेही नाव तेच. पतंग कापला की गच्चीगच्चीवर हलकडी हे वाद्य वाजते. सासरी गेलेल्या मुली, पुण्या-मुंबईला नोकरीला असलेले तरुण या तीन दिवसांसाठी रजा काढून येतात. शाळा-दुकाने ओस पडतात. रंगपंचमीला टिळक मैदानात रंगांचे सामने होतात. समोरासमोर उभ्या ट्रॅक्टरांवरून पिंपांतल्या रंगाची फेकाफेक चालते. हे पाहायला बाहेरचे लोक येऊ लागले आहेत, समाजमाध्यमांवर चित्रफिती फिरतात, तरी त्यासाठी तिकीट नाही, मंडप नाही, पाहुण्यांची वेगळी जागा नाही. आलेल्याने भिजायचे एवढीच अट. नायलॉन मांजाने पक्षी आणि दुचाकीस्वार जखमी होऊ लागल्यावर त्यावर बंदी आली. ती पाळली जावी म्हणून दरवर्षी झगडावे लागते, आणि त्यात गावातलेच तरुण पुढे असतात.

२०२० च्या टाळेबंदीत लग्ने थांबली, शिर्डीचे मंदिर बंद झाले आणि येवल्याच्या मुख्य रस्त्यावर गिऱ्हाईक उरले नाही. पाहुण्यांवर उभ्या राहिलेल्या धंद्याची कमकुवत बाजू तेव्हा उघडी पडली. मजुरीवरच्या विणकरांना तिचा फटका सर्वांत आधी बसला, कारण तयार माल साठला की नवा ताणा लावला जात नाही. त्याच काळात काही तरुण विणकरांनी मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून मागावरचीच साडी गिऱ्हाइकाला दाखवायला सुरुवात केली. आता सांगली किंवा अमेरिकेतली बाई रंग निवडते, पदर उलटून दाखवायला सांगते, विणकर कॅमेरा मागच्या बाजूला नेतो आणि सौदा दुकानात न जाता होतो. या विक्रीत विणकराचे नाव, गाव आणि चेहरा गिऱ्हाइकाला माहीत असतो.