शेजारप्रीती, नैतिक नापसंती आणि पूर्वग्रह : पंडिता रमाबाई यांच्या विचार-कार्याच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात जे धर्मविषयक वाद झाले, त्यांत पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या धर्मांतराच्या वादाला विशेष स्थान आहे. या वादाची चर्चा बहुधा ‘रमाबाईंनी हिंदू धर्म का सोडला’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. त्यामुळे त्यांना ख्रिस्ती धर्मात नेमके काय भावले आणि जे भावले त्याच कसोटीवर त्यांनी ख्रिस्ती समाजालाही कसे पारखले, हा प्रश्न काहीसा मागे पडला. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करावी, ही ख्रिस्ती नीतीतील मध्यवर्ती आज्ञा होय. परंतु ज्याचे आचरण आपल्याला अनुचित वाटते, तोही शेजारीच असतो काय? असल्यास त्याच्या आचरणाविषयीची नापसंती आणि त्याच्याविषयीचा पूर्वग्रह यांत भेद कसा करावा? प्रस्तुत निबंधात रमाबाईंच्या जीवनातील तीन प्रसंगांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ख्रिस्ती परंपरेतील भेद

पाप आणि पापी यांत भेद करण्याचा विचार ख्रिस्ती परंपरेत जुना आहे. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात संत ऑगस्टीन यांनी एका भगिनीसंघाला लिहिलेल्या पत्रात दोषांचा तिटकारा आणि माणसांविषयीची प्रीती एकत्र असावी, असा उपदेश केला आहे. हा भेद तत्त्वतः सोपा असला तरी व्यवहारात तो टिकविणे कठीण आहे. नापसंती ही एखाद्या कृतीविषयी असते, ती कारणे देते आणि कृती बदलली की ती मावळावयास हवी. पूर्वग्रह मात्र माणूस ओळखण्यापूर्वीच तयार असतो. तो संपूर्ण वर्गाला लागू होतो आणि संपर्क टाळून स्वतःचे रक्षण करतो. अडचण अशी, की पूर्वग्रह क्वचितच आपल्या नावाने वावरतो. तो बहुधा नैतिक नापसंतीचे वस्त्र पांघरून येतो.

व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये हा प्रश्न तात्त्विक राहिला नव्हता. १८६४ पासूनच्या सांसर्गिक रोग कायद्यांन्वये लष्करी ठाण्यांच्या परिसरातील वेश्यांची सक्तीने वैद्यकीय तपासणी होत असे. या कायद्यांविरुद्धच्या चळवळीचे नेतृत्व जोसेफिन बटलर या श्रद्धाळू ख्रिस्ती स्त्रीने केले. पुरुषाला मोकळे सोडून केवळ स्त्रीला कलंकित ठरविणारी नीती ख्रिस्ती असू शकत नाही, ही त्यांची भूमिका होती. १८८३ मध्ये ही सक्तीची तपासणी स्थगित झाली आणि १८८६ मध्ये कायदे रद्द झाले. रमाबाई इंग्लंडमध्ये पोहोचल्या त्या याच कालखंडात.

फुलहॅम येथील अनुभव

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताची पर्वा न करता पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविले. दुष्काळाच्या काळात आईवडील गेले. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी १८८० मध्ये झालेला नोंदणी विवाह १८८२ मध्ये पतीच्या निधनाने संपला. त्याच वर्षी त्या लहानग्या मनोरमेसह पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. जातीबाहेर विवाह केलेली, विधवा असूनही जाहीर सभांतून बोलणारी स्त्री सनातनी समाजाच्या दृष्टीने संशयास्पद होती. थोडक्यात, समाजाच्या नापसंतीचा विषय होणे म्हणजे काय, हे त्या स्वानुभवाने जाणत होत्या.

१८८३ मध्ये त्या वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे राहावयास गेल्या. या संघाच्या भगिनी पुण्यातही काम करीत असल्याने हा परिचय आधीचाच होता. भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे आपले ‘पतित’ स्त्रियांसाठीचे कार्य पाहण्यास पाठविले. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षपर आत्मनिवेदनात रमाबाईंनी या भेटीचे महत्त्व सांगितले आहे. एके काळी त्या आश्रयगृहात राहिलेल्या काही स्त्रिया आता रुग्णांची व दुर्बलांची सेवा करीत होत्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी काही करावयाचे असते, ही कल्पनाच त्यांना तेथे प्रथम आली, असे त्या नमूद करतात. हे का करता, असे विचारता एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या कथेत नापसंती आणि पूर्वग्रह हे दोन्ही एकाच विहिरीपाशी भेटतात. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत; हा पूर्वग्रह होय. त्या स्त्रीला पाच पती झालेले होते आणि सध्याचा पुरुष तिचा पती नव्हता. हा नैतिक नापसंतीचा विषय होय. येशू दुसरी गोष्ट लपवीत नाही, तिचा स्पष्ट उल्लेख करतो. परंतु त्यापूर्वी तो तिच्याकडे पिण्यास पाणी मागतो. कोणाच्या हातचे पाणी चालते यावर माणसाची पायरी ठरविणाऱ्या समाजातून आलेल्या रमाबाईंना या मागणीचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्यामागील अर्थही हाच होता. आधी पाणी, मग निवाडा, हा या कथेतील क्रम आहे आणि तोच रमाबाईंच्या पुढील कार्याचा पाया ठरला.

ख्रिस्ती समाजातील पूर्वग्रह

परंतु ज्या भगिनीसंघाने ही कथा सांगितली, त्याच वर्तुळात रमाबाईंना पूर्वग्रहाचाही अनुभव आला. १८८४ ते १८८६ या काळात चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये असताना त्यांचा सिस्टर जेराल्डिन व प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला पत्रव्यवहार ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून तीन वाद ठळकपणे दिसतात.

पहिला वाद अध्यापनाचा होता. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. आपल्या वडिलांनी व पतीने जे कधी आक्षेपार्ह मानले नाही, ते इंग्रजांना आक्षेपार्ह वाटावे, याविषयी त्यांनी आश्चर्य व्यक्त केले. दुसरा वाद आहाराचा व राहणीचा. त्यांचे शाकाहारी राहणे हे जातीच्या अभिमानाचे अवशेष मानले गेले. ख्रिस्ती होण्यासाठी निरुपद्रवी देशी चालीरीती सोडण्याचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तिसरा वाद चर्चच्या अधिकाराचा. त्रैक्याच्या सिद्धान्तासारख्या विषयांवर त्यांनी शंका उपस्थित केल्या, तेव्हा सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच उतरविले असता दुसऱ्याचे पत्करणार नाही, असे रमाबाईंनी उत्तर दिले.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की सिस्टर जेराल्डिन यांची माया खरी होती. मनोरमेची काळजी त्यांनी मनापासून घेतली. तरीही पतित स्त्रीला जवळ करणारी ही नीती विद्वान हिंदी स्त्रीला बरोबरीने वागविताना अडखळली. जी दुर्बल व कृतज्ञ आहे तिच्यावर प्रीती करणे सोपे. जी उलट प्रश्न विचारते तिच्यावर करणे कठीण. नम्रतेच्या अभावाविषयीची नैतिक नापसंती येथे वांशिक श्रेष्ठत्वाच्या भावनेपासून वेगळी करता येत नाही.

शारदासदन ते कृपासदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आलेले शारदासदन धार्मिक तटस्थतेच्या अटीवर उभे होते. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस मुली उपस्थित राहू लागल्या, तेव्हा वाद पेटला. ‘केसरी’ने कठोर टीका केली आणि १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. येथेही वरील भेद उपयोगी पडतो. रानडे-भांडारकर यांचा आक्षेप दिलेल्या शब्दाविषयीचा होता. तो सकारण होता आणि त्याला पूर्वग्रह म्हणता येणार नाही. याउलट, ख्रिस्ती स्त्रीच्या हाती विधवांचा कोणताही उत्कर्ष संभवत नाही असे धरून चालणारी टीका पूर्वग्रहाच्या जवळ जाते. याच सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, ही वस्तुस्थिती त्या टीकेत बसत नाही.

शारदासदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. १८९६-९७ च्या दुष्काळाने ही मर्यादा मोडली. मध्य प्रांतातून आणलेल्या निराश्रित मुली-स्त्रियांसाठी केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले आणि तेथे जातीची अट उरली नाही. दुष्काळात पोटासाठी देह विकावा लागलेल्या किंवा बळजबरीस बळी पडलेल्या स्त्रियांसाठी तेथेच कृपासदन सुरू झाले. फुलहॅममध्ये पाहिलेली गोष्ट अशा रीतीने पुणे जिल्ह्याच्या माळरानावर आली. फरक एवढाच, की येथे ‘पतन’ बहुतांशी उपासमारीने घडविले होते. त्यामुळे व्यक्तीच्या पापाइतकाच परिस्थितीचा आणि समाजाचा दोष उघड झाला.

मर्यादा

या कार्याच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. आपल्या देशात अशा स्त्रियांसाठी कोणी काही केल्याचे आपण कधी पाहिले वा ऐकले नव्हते, हे रमाबाईंचे निवेदन त्यांच्या माहितीपुरते प्रामाणिक असले तरी पूर्ण नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्येच पुण्यात गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते, तेही ख्रिस्ती न होता. याच फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू मांडली, हे उल्लेखनीय आहे. दुसरे असे, की उद्धाराची भाषा स्त्रीला आधी ‘पतित’ ठरविते. पुरुषासाठी कृपासदन कोणी काढले नाही. तिसरे, हिंदू धर्माविषयी रमाबाईंचे उत्तरायुष्यातील निवाडे कधी कधी सरसकट होत गेले. स्त्रीविषयक धर्मवचनांवरील त्यांची टीका सकारण होती. परंतु त्या धर्मात वाढलेल्या सर्वांना त्याच मापाने मोजताना ती पूर्वग्रहाच्या सीमेवर येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते, की शेजारप्रीती नैतिक निवाडा रद्द करीत नाही. ती त्याला अटी घालते. निवाडा कृतीविषयी असावा, तो सकारण असावा आणि निवाडा करणाऱ्याने ज्याचा निवाडा करावयाचा त्याच्या सहवासात राहण्याची तयारी ठेवावी. फुलहॅमच्या भगिनींनी ही तिसरी अट पतित स्त्रियांच्या बाबतीत पाळली, पण रमाबाईंच्या बाबतीत त्या उणे पडल्या. रमाबाईंनी ती केडगावात आयुष्याच्या अखेरपर्यंत पाळली, पण मागे सोडलेल्या समाजाविषयी पहिल्या अटीचा त्यांना क्वचित विसर पडला. कोणताही धर्म अथवा सुधारक या कसोटीपासून मुक्त नाही, आणि आपल्या नापसंतीला नीतीचे नाव देणाऱ्या कोणत्याही समाजाने ती प्रथम स्वतःला लावणे उचित ठरेल.