भीमगीतांचा संग्रह नेटवर्क स्टोरेजवर कसा हलवावा?

चिंचपोकळी, लालबाग, परळ, ना. म. जोशी मार्ग या गिरणगावच्या पट्ट्यात आजही अनेक खोल्यांच्या माळ्यावर कॅसेटचा एखादा डबा सापडतो. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज याच कॅसेटमधून घराघरांत पोहोचले. आता चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून बीडीडीच्या २०७ चाळी होत्या. खोली रिकामी करताना असा डबा भंगारात जायला वेळ लागत नाही.

काही कॅसेट वेळीच एमपीथ्री झाल्या. पण त्या फायली बहुतेक वेळा एकाच कार्यकर्त्याच्या कॉम्प्युटरवर असतात. आमच्याकडेही तसेच होते. एके दिवशी ती हार्ड डिस्क बंद पडली. बाजारातली गाणी आम्हाला इतरांकडून पुन्हा मिळाली. मात्र वस्तीतल्या जयंतीत आमच्याच गायकांनी गायलेली गाणी कायमची गेली, कारण त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्यानंतर आम्ही संग्रह नेटवर्क स्टोरेजवर नेला. त्या कामातून जे शिकलो ते इथे मांडत आहोत.

नेटवर्क स्टोरेज म्हणजे काय?

वायफायच्या राउटरला केबलने जोडलेली, एक किंवा अधिक हार्ड डिस्क असलेली पेटी म्हणजे नेटवर्क स्टोरेज, थोडक्यात ‘नॅस’. त्या नेटवर्कवरचा कुठलाही मोबाइल किंवा कॉम्प्युटर त्यातली गाणी ऐकू शकतो. विहारात किंवा वाचनालयात अशी पेटी ठेवली, की संग्रह एका माणसाचा न राहता सर्वांचा होतो. नवी पेटी परवडत नसेल, तर जुन्या कॉम्प्युटरवरही हे काम भागते.

जागा किती लागते?

साध्या १२८ केबीपीएस एमपीथ्रीला मिनिटाला सुमारे १ एमबी लागतो. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयएएसए’ जपणुकीसाठी किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असे रेकॉर्डिंग सुचवते. त्याला तासाला सुमारे १ जीबी लागतो. म्हणजे एक तासाच्या ५०० कॅसेट साधारण ५०० जीबीत मावतात. ‘फ्लॅक’ प्रकारात ठेवल्यास आवाजाचा दर्जा न घटता जागा आणखी वाचते. मात्र जुनी एमपीथ्री मोठ्या फायलीत बदलून काही मिळत नाही, गेलेला आवाज परत येत नाही. मूळ कॅसेट हाती असेल तर नव्याने रेकॉर्ड करावे आणि कॅसेट टाकून देऊ नये.

हलवण्याआधी: नावे लिहा

सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. आमच्या शेकडो फायलींची नावे ‘ट्रॅक ०१’ अशी होती. कुठे गायकाचे नाव होते, पण कवीचे नव्हते. ज्या समाजाच्या माणसांची नावे इतिहासाने वगळली, त्यानेच आपल्या कवींची नावे गाळावीत, हे योग्य नाही.

एमपीथ्री टॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड ही मोफत सॉफ्टवेअर वापरून प्रत्येक फायलीत गायक, कवी, संगीतकार, वर्ष आणि ठिकाण भरावे. मराठी युनिकोडमध्येच टाइप करावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हे होऊन दिसतो. माहिती पक्की नसेल तर रकाना रिकामा सोडावा, अंदाजाने नाव घालू नये. वस्तीतल्या ज्येष्ठांना गाणे ऐकवून विचारावे. आम्हाला बरीच नावे अशीच मिळाली.

याचा आदर्श आपल्याच राज्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आहे, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. ‘पारी’ हे संकेतस्थळ २०१७ पासून त्या प्रसिद्ध करत आहे. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. म्हणूनच तो संग्रह फायलींचा ढीग न होता इतिहास झाला.

हलवताना

१. फायली ‘कट’ करू नका, ‘कॉपी’ करा. पडताळणी होईपर्यंत मूळ प्रत तशीच ठेवा.

२. वायफायऐवजी केबल वापरा. ५०० जीबीला १०० एमबीपीएसच्या जोडणीवर किमान अकरा तास लागतात. गिगाबिट जोडणीवर काम काही तासांत होते.

३. फोल्डरची रचना बदलू नका. गाणी वाजवणारे सॉफ्टवेअर प्रत्येक फायलीचा पत्ता लक्षात ठेवते. पत्ता बदलला की गाणी ‘सापडत नाहीत’ असे दिसते. सॉफ्टवेअरमध्ये मुख्य फोल्डरचा नवा पत्ता द्या. राउटरमध्ये पेटीचा आयपी पत्ताही कायम करून घ्या.

४. शेवटी फायलींची संख्या, एकूण आकार आणि शक्य असल्यास चेकसम जुळवा.

हलवल्यानंतर

पेटीत दोन डिस्क असल्या म्हणजे बॅकअप झाला, हा गैरसमज आहे. एका डिस्कवर चुकून पुसलेले गाणे दुसरीवरूनही पुसले जाते. तीन प्रती, दोन वेगळी साधने आणि एक प्रत दुसऱ्या जागी, हा नियम पाळावा. आमची तिसरी प्रत दुसऱ्या वस्तीतल्या एका कार्यकर्त्याच्या घरी असते.

पेटी थेट इंटरनेटला उघडी ठेवू नका. २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने अशाच उघड्या पेट्यांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. सर्वांना फक्त ऐकण्याची परवानगी द्यावी, पुसण्याची दोघांनाच.

कायद्याचे भान

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो आणि गीताचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षे. वामनदादांचे निधन २००४ मधले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. व्यावसायिक नसलेल्या सार्वजनिक वाचनालयाकडे मूळ प्रत असेल, तर जपणुकीसाठी ती डिजिटल स्वरूपात ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे. पण जपणे वेगळे आणि इंटरनेटवर वाटणे वेगळे. कवी-गायकांच्या कुटुंबीयांची परवानगी घेणे हा कायद्याचा आणि आपल्या नीतीचाही भाग आहे.

तरुण मित्रांना आमची एकच विनंती आहे. पेटी नंतर घेता येईल. या रविवारी आपल्या चाळीतल्या एखाद्या ज्येष्ठाकडे जा, डबा खाली काढा आणि वहीत नावे लिहायला सुरुवात करा. डिस्क बाजारात मिळते, सांगणारा माणूस मिळत नाही.

जयभीम!