विजेची मोटार आणि औट्रम घाट

चाळीसगांवच्या दक्षिणेस, डोंगराच्या पायथ्याशीं, पाटण म्हणून जें जुनें स्थान आहे तेथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें स्थापिलेल्या मठाचा शिलालेख आहे. इ. स. १२०७ च्या या लेखाकडे डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ मध्यें विद्वानांचें लक्ष वेधलें. ज्या आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून हा मठ निघाला, त्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणी’ ग्रंथांत एका स्वयंवह चक्राचें वर्णन केलें आहे. चाकाचे आरे पोकळ करावे, ते पाऱ्यानें अर्धे भरून त्यांचीं तोंडें बुजवावीं, आणि चाक दोन आधारांवर टांगावें, म्हणजे तें आपोआप फिरत राहील, असा त्याचा आशय. असें चाक फिरत राहणें शक्य नाहीं, हें आज शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. परंतु बैलावांचून, घोड्यावांचून, धुरावांचून फिरणाऱ्या चाकाची ओढ मनुष्यास किती प्राचीन काळापासून आहे, हें त्यावरून दिसतें. पुण्याजवळील चाकण येथून २०२२ सालापासून ज्या मर्सिडीझ कंपनीच्या विजेच्या मोटारी बाहेर पडूं लागल्या, त्या याच ओढीचें अगदीं अलीकडचें आणि अत्यंत महागडें अपत्य होत.

विजेची मोटार ही नवी वस्तु आहे असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाहीं. जर्मनींतील कोबुर्ग गांवीं फ्लोकन नांवाच्या कारखानदारानें १८८८ मध्यें विजेची चारचाकी गाडी केली. म्हणजे कार्ल बेन्झच्या पेट्रोलच्या गाडीनंतर अवघ्या दोन-तीन वर्षांनीं. तासास शंभर किलोमीटरांहून अधिक वेग प्रथम गांठला तो पेट्रोलच्या गाडीनें नव्हे, तर विजेच्या. बेल्जमचा येनात्सी यानें १८९९ च्या एप्रिलमध्यें पॅरिसजवळ ती करामत केली. पुढें ज्याच्या नांवाच्या मोटारी जगभर गाजल्या त्या फर्डिनंड पोर्श यानें तरुणपणीं व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यांत चाकांतच मोटर बसवून विजेची गाडी केली. ती १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत मांडली होती. आणि मर्सिडीझ हें एका व्यापाऱ्याच्या मुलीचें नांव ज्या मोटारींनीं धारण केलें, त्या मोटारींतहि १९०६ च्या सुमारास ‘मर्सिडीझ इलेक्ट्रिक’ असा एक प्रकार निघाला होता. तेव्हां चाकणची गाडी ही या घराण्यांतील पहिली विजेची गाडी नव्हे. मधल्या शंभर वर्षांच्या खंडानंतर ती माहेरीं परत आली आहे इतकेंच.

हा खंड कां पडला? त्या काळच्या पेट्रोलच्या गाडीस पुढून दांडा फिरवून चेतवावें लागे. त्यांत मनगटें मोडत. शिवाय धूर, वास आणि खडखडाट. विजेच्या गाडीस यांतील कांहींच नाहीं. म्हणून अमेरिकेंतील श्रीमंत घराण्यांतील स्त्रिया तीच पसंत करीत. ज्या हेन्री फोर्डनें पेट्रोलच्या मोटारी स्वस्त करून घरोघर पोंचविल्या, त्याची पत्नी क्लारा स्वतः मात्र ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवीत असे! पण १९१२ मध्यें केटरिंगच्या युक्तीनें कॅडिलॅक मोटार कळ दाबतांच सुरू होऊं लागली आणि दांडा गेला. पेट्रोल स्वस्त झालें, गांवाबाहेरचे रस्ते सुधारले, आणि शिशाच्या जड बॅटरीवर दूर जातां येईना. विजेची मोटार मागें पडली ती या तीन कारणांनीं. ती वाईट होती म्हणून नव्हे. ती शहराची, थोड्या अंतराची आणि पैसेवाल्याची गाडी होती. आणि जग त्या वेळीं लांबचा व स्वस्त प्रवास मागत होतें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. येथें विजेच्या वाहनाचा इतिहास अगदीं उलट क्रमानें घडला, आणि आमच्या मतें हीच लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. मुंबईंत विजेची ट्राम १९०७ च्या मे महिन्यांत सुरू झाली आणि १९६४ च्या मार्चअखेरपर्यंत चालली. खोपोलीचें टाटांचें जलविद्युत्‌केंद्र १९१५ चें. बोरीबंदर ते कुर्ला ही देशांतील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं धांवली. पुढें बोरघाट आणि थळघाट चढण्याकरितां जी. आय. पी. रेल्वेनें १९२८ पासून जीं लांब नाकाडाचीं, मध्यें सांधा असलेलीं एंजिनें आणलीं, त्यांस युरोपांत ‘मगर’ म्हणत. आपल्या कामगारांनीं त्यांस ‘खेकडा’ म्हटलें. दोन्ही बाजूंचे दांडे वरखालीं करीत तें एंजिन निघालें कीं खेकडाच दिसे. नांव ठेवण्यांत आपले लोक कधीं चुकत नाहींत. या एंजिनांत मोठी खुबी होती. घाट उतरतांना त्यांच्या मोटर उलट काम करून वीज उत्पन्न करीत आणि ती तारेंत परत सोडीत. आज विजेच्या मोटारींच्या जाहिरातींत ज्या गुणाचें एवढें कौतुक चालतें, तो गुण आपल्या घाटांत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीं आला होता. चाळीसगांवावरून भुसावळकडे जाणारा लोहमार्गहि १९७० पूर्वींच विजेवर आला.

सारांश, युरोप-अमेरिकेंत वीज प्रथम धनिकाच्या बग्गीस जुंपली गेली. आमच्याकडे ती गिरणीच्या कामगारास, कारकुनास आणि मालाच्या डब्यास ओढण्याकरितां आली. धनिकाची पाळी मागाहून लागली.

ती पाळी कशी आली तेंहि पाहूं. डाइम्लर-बेन्झचा टाटा मंडळींशीं संबंध जुना आहे. १९५४ पासून पंधरा वर्षें टेल्को आणि ही जर्मन कंपनी यांचा मालमोटारींचा करार होता. खानदेशांतील कापूस आणि केळीं वाहणाऱ्या ट्रकवरचा तीन कोनांचा तारा वृद्धांस अद्याप आठवत असेल. म्हणजे बेन्झ हें नांव आपल्याकडे पहिल्यानें सामान्यांच्या कामास आलें तें ओझ्याच्या गाडीवर. चैनीच्या मोटारींसाठीं कंपनी १९९४ मध्यें पुण्यास आली आणि २००९ मध्यें तिनें चाकणला आपला स्वतंत्र कारखाना थाटला. २०२० च्या ऑक्टोबरांत तिनें ‘ई. क्यू. सी.’ ही विजेची एस्. यू. व्ही. परदेशांतून आणून विकावयास काढली. किंमत एक कोटीस थोडी कमी. ३० सप्टेंबर २०२२ रोजीं चाकणला जुळविलेली ‘ई. क्यू. एस्.’ बाहेर पडली. ती १ कोटी ५५ लाखांची. त्या समारंभास आलेले केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीं तुमची गाडी मलाहि परवडणारी नाहीं असें म्हणून किंमत उतरविण्याचा सल्ला दिला. त्यानंतर पंगत वाढतच गेली: सात जणांची ‘ई. क्यू. बी.’, मग ‘ई. क्यू. ई.’, मग त्या मानानें धाकटी ‘ई. क्यू. ए.’, २०२४ च्या सप्टेंबरांत सव्वादोन कोटींची मायबाख आणि त्याच महिन्यांत चाकणचीच ‘ई. क्यू. एस्. एस्. यू. व्ही.’, १ कोटी ४१ लाखांची; २०२५ च्या जानेवारींत तीन कोटींची चौकोनी ‘जी’. चार-पांच वर्षांत एका कंपनीनें एवढीं विजेचीं वाहनें या देशांत मांडावीं हें विलक्षण आहे. गंमत अशी कीं, याच सुमारास, २०२४ च्या फेब्रुवारींत, तिच्या जर्मन चालकांनीं सर्वत्र विजेवर जाण्याची आपली मुदत पुढें ढकलली होती.

असल्या गाड्या घेणार कोण, असें चाळीसगांवच्या वाचकानें विचारूं नये. औट्रम घाट चढून गेलें कीं पलीकडे जें औरंगाबाद शहर लागतें, आणि ज्याचें नांव आतां छत्रपति संभाजीनगर झालें आहे, तेथें २०१० च्या ऑक्टोबरांत एकाच दिवशीं सुमारें दीडशें मर्सिडीझ गाड्या घेतल्या गेल्या. शहराचें नांव उद्योगांत व्हावें म्हणून तेथील मंडळींनीं एकत्र येऊन ६५ कोटींचा तो सौदा केला होता. त्यांतील बरीच रक्कम एका सरकारी बँकेनें सुमारें सात टक्के व्याजानें दिली. पत्रकार पी. साईनाथ यांनीं तेव्हांच दाखवून दिलें कीं, त्याच मुलखांत शेतकऱ्यास ट्रॅक्टरसाठीं बारा टक्के किंवा त्याहूनहि जास्त व्याज भरावें लागत होतें. सौदा करणारांस आम्ही दोष देत नाहीं. स्वस्त मिळणारें कर्ज कोणी सोडीत नाहीं. पण तें स्वस्त कोणास आणि कां मिळालें, हा प्रश्न उरतोच.

विजेच्या गाडीच्या बाबतींत तोच प्रश्न कराच्या रूपानें पुन्हां उभा राहिला आहे. विजेच्या वाहनावर २०१९ च्या ऑगस्टपासून जी. एस्. टी. पांच टक्के आहे, मग तें वाहन दहा लाखांचें असो वा तीन कोटींचें. मोठ्या पेट्रोल-डिझेल एस्. यू. व्ही. वर तो उपकरासह पन्नास टक्के होता आणि २०२५ च्या सप्टेंबरांत चाळीस झाला. दीड कोटीच्या गाडीवर पांच आणि चाळीस यांतील अंतर किती लाखांचें होतें, हें वाचकांनींच मांडून पाहावें. २०२५ च्या मार्चमधील राज्याच्या अर्थसंकल्पांत तीस लाखांवरील विजेच्या मोटारींस सहा टक्के मोटारवाहन कर लावण्याची सूचना होती. त्याच महिन्यांत मुख्यमंत्र्यांनीं ती मागें घेतल्याचें जाहीर केलें. प्रदूषण कमी करावयाचें तर विजेच्या गाडीस उत्तेजन दिलें पाहिजे, हा युक्तिवाद खोटा नाहीं. नवी वस्तु आधीं श्रीमंत घेतात आणि मग ती स्वस्त होते, हेंहि खरें. पुण्याच्या परिसरांतच टाटा आणि महिंद्र यांच्या मध्यम किंमतीच्या विजेच्या गाड्या तयार होतात, हा त्याचा पुरावाच. तथापि मध्यम किंमतीच्या गाडीस दिलेली सवलत आणि मायबाखेस दिलेली सवलत या एकाच तागडींत तोलणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. सहा टक्क्यांनीं तीन कोटींच्या गाडीचें गिऱ्हाईक पळालें नसतें.

थोडें गणित करूं. भास्कराचार्यांच्या भूमींत त्यास कोणी हरकत घेणार नाहीं. चाकणच्या त्या एस्. यू. व्ही.ची बॅटरी १२२ युनिटांची आहे. घरगुती वीजबिलाची पहिली, स्वस्त पायरी महिन्याला शंभर युनिटांची असते. म्हणजे एका साध्या घराच्या महिन्याच्या विजेहून अधिक वीज ही गाडी एका वेळीं पोटांत घेते. तेवढ्या विजेवर पांच अश्वशक्तीचा शेतपंप सुमारें तीस तास चालेल. गाडीचें वजन पावणेतीन टनांच्या वर. ती तीनशें मीटर उंचीवरून खालीं उतरली तर ओझ्याच्या हिशेबानें सव्वादोन युनिट ऊर्जा मोकळी होते, आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग खेकड्याच्या रीतीनें बॅटरींत परत येतो. पेट्रोलची गाडी तीच ऊर्जा ब्रेक तापविण्यांत घालविते. एंजिनिअरिंगच्या दृष्टीनें ही गाडी निःसंशय सुंदर आहे.

पण ती वीज येते कोठून? खानदेशापुरतें बोलावयाचें तर भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो, आणि त्याची राख त्याच गांवांवर पडते. दुसऱ्या बाजूस साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें महानिर्मितीचें १२५ मेगावॅटचें सौरकेंद्र २०१३ पासून उभें आहे. शेतकऱ्यास पाळीप्रमाणें रात्रीं वीज मिळते आणि बिबट्या-सापांच्या भीतींत त्यानें पाणी द्यावें, ही तक्रार या भागांत जुनी. दिवसा वीज देण्यासाठीं काढलेली सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची आणि तिची दुसरी आवृत्ति २०२३ ची. मोटारीस वीज भरण्याची जागा कोठें निघाली याच्या बातम्या ज्या उत्साहानें छापल्या जातात, त्याच उत्साहानें कोणत्या गांवास दिवसाची वीज मिळाली हेंहि छापलें जावें.

राहतां राहिला घाट. भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचें नांव मिरविणारा हा रस्ता ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसांत दरडी कोसळून बंद पडला. त्याच रात्रीं चाळीसगांवांत तितूर आणि डोंगरी या नद्यांचें पाणी शिरलें. कोंडी आणि अपघात इतके वाढले कीं २०२३ च्या ऑगस्टांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें जड वाहनांस घाटांतून मनाई केली, आणि केळीं-कापसाचे ट्रक दूरच्या वळणानें जाऊं लागले. बोगद्याची मागणी मात्र कित्येक वर्षें कागदावरच फिरत राहिली. चाळीसगांवचे विख्यात छायाचित्रकार केकी मूस यांनीं स्टेशनाजवळच्या आपल्या घरांत जवळजवळ पन्नास वर्षें स्वतःस कोंडून घेतलें होतें. त्यांना या कशाचीच अडचण झाली नसती. इतरांस कोठें ना कोठें जावेंच लागतें. त्यांच्यासाठीं विजेचें खरें नवें वाहन आलें तें २०२१ च्या डिसेंबरांत, चाकणच्या पहिल्या गाडीच्या नऊ महिने आधीं: १९०० सालीं घातलेल्या चाळीसगांव-धुळें या ५७ किलोमीटरांच्या जुन्या फांट्यावर तेव्हां विजेची मेमू गाडी सुरू झाली.