सिलेक्ट चाचणी

सेलेनियम व ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रोस्टेट (पुरःस्थ) ग्रंथीचा कर्करोग टळतो का, हे पाहण्यासाठी २००१ मध्ये सुरू झालेली वैद्यकीय चाचणी. खर्च मुख्यतः अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने उचलला. अमेरिका, कॅनडा व प्वेर्तो रिको येथील चारशेहून अधिक केंद्रांत ३५,५३३ पुरुषांनी नावे नोंदवली.

आशेचे मूळ दोन जुन्या अभ्यासांत होते आणि ते दोन्ही वेगळ्याच कर्करोगांसाठी केलेले होते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगावर अभ्यास चालू असताना ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग ३२ टक्क्यांनी कमी आढळला. अमेरिकेत लॅरी क्लार्क यांच्या १९९६ च्या अभ्यासात सेलेनियमने त्वचेचा कर्करोग थांबला नाही, प्रोस्टेटचा मात्र बराच घटला. हाती आलेला हा योगायोग होता. तो पारखून घेणे गरजेचे होते.

सहभागी पुरुष पन्नाशी ओलांडलेले, धडधाकट. रोज दोन गोळ्या : एक सेलेनियमची किंवा तिच्यासारखीच दिसणारी निष्क्रिय, दुसरी ई जीवनसत्त्वाची किंवा तशीच निष्क्रिय. आपल्या वाट्याला काय आले, हे त्यांना ठाऊक नसे आणि डॉक्टरांनाही. शरीरातील सेलेनियम मोजण्यासाठी त्यांच्या पायाच्या नखांची कात्रणे जपून ठेवली होती.

प्रत्येकाने किमान सात वर्षे गोळ्या घ्यायच्या होत्या. फायदा दिसेना, म्हणून ऑक्टोबर २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. पाहणी चालू ठेवली. हा निर्णय मोलाचा ठरला, कारण अपाय पुरता उघड झाला तो २०११ मध्ये. नुसते ई जीवनसत्त्व घेतलेल्यांत ६२० जणांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता, निष्क्रिय गोळ्या घेतलेल्यांत ५२९ जणांना. धोका १७ टक्क्यांनी वाढला होता.

नखांच्या कात्रणांनी २०१४ मध्ये आणखी सांगितले. ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच भरपूर होते, त्यांनी ते वरून घेतल्यास उग्र स्वरूपाच्या कर्करोगाचा धोका वाढला. ज्यांच्यात कमी होते, त्यांनाही त्याचा लाभ झाला नाही.

काही आजार नसताना वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या या हजारो पुरुषांचे ऋण मोठे आहे. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आजही औषधाच्या दुकानात सहज मिळतात. प्रोस्टेटच्या काळजीने कोणी त्या स्वतःहून घेत असेल, तर त्याने डॉक्टरांना विचारावे आणि बंद कराव्यात.