सोनेरी रथातली नवरी

आज आपण एका लग्नाची गोष्ट ऐकू या. लग्न लागलं १४७५ साली, पण त्याची वरात अजून निघते.

जर्मनीत बव्हेरिया प्रांतात ईझार नदीच्या काठी लांड्सहूट हे जुनं शहर आहे. वर टेकडीवर किल्ला, खाली सेंट मार्टिनचं उंच, विटांचं चर्च. इथं दर चार वर्षांनी उन्हाळ्यात, जून-जुलैत, दोन हजारांवर गावकरी जुन्या काळचे पोशाख घालून लग्नाची मिरवणूक काढतात. खोटे केस चालत नाहीत, म्हणून पुरुष कितीतरी महिने आधीपासून केस वाढवतात. ही प्रथा १९०३ साली सुरू झाली. मिरवणुकीत सगळ्यांचे डोळे लागतात ते सोनेरी रथातल्या नवरीकडे.

ती नवरी म्हणजे याद्विगा, पोलंडच्या राजाची लेक. जर्मन लोक तिला हेडविग म्हणतात. वय अवघं अठरा. नवरदेव गेऑर्ग, इथल्या श्रीमंत ड्यूकचा, म्हणजे राज्यकर्त्याचा मुलगा. तुर्कांच्या धास्तीनं दोन्ही घराण्यांना सोयरीक हवी होती. हुंडा ठरला ३२,००० सोन्याची नाणी. क्राकूवहून निघालेली नवरी सुमारे दोन महिन्यांनी सासरी पोचली.

खरं लग्न लागलं १४ नोव्हेंबरला, थंडीत. सम्राट हजर होता. आठवडाभर सगळं शहर ड्यूकच्या खर्चानं जेवलं. हिशेब लिहून ठेवला आहे: ३२३ बैल, ११,५०० हंस, ४०,००० कोंबड्या, १,९४,३४५ अंडी! अंड्याअंड्याचा हिशेब आहे.

पण पुढं नवरीचं काय झालं?

गेऑर्ग लांड्सहूटला राहून राज्य करी. हेडविगचं बरंचसं आयुष्य दूर झाल्त्साख नदीवरच्या बुर्गहाउझेनच्या किल्ल्यात गेलं. एक किलोमीटरहून लांब किल्ला आहे तो. नवऱ्यानं तिला तिथं कोंडलं, असं लोक सांगत आले. आजचे इतिहासकार म्हणतात, तसं नव्हतं, तिथं तिचा स्वतःचा दरबार होता. तिचे मुलगे लहानपणीच गेले. दोन मुली जगल्या. १५०२ साली हेडविग वारली.

गेऑर्गनं थोरल्या मुलीच्या, एलिझाबेथच्या नावानं राज्य लिहून ठेवलं. भाऊबंद उठले. घराण्याचा करार होता की मुलगा नसेल तर राज्य भावकीतल्या पुरुषांकडं जाईल. गेऑर्ग वारल्यावर युद्ध पेटलं, गावं जळाली. १५०४ साली एलिझाबेथ आणि तिचा नवरा महिन्याभराच्या आत आजारानं गेले. तिच्या दोन लहानग्यांना शेवटी एक छोटा मुलूख मिळाला, बाकीचं राज्य भावकीनं घेतलं.

मैत्रिणींनो, सोहळा वाईट नाही. सगळं शहर एकत्र येऊन आपला इतिहास जपतं, याचं आम्हाला कौतुकच वाटतं. पण पंगतीत किती अंडी लागली ते पाचशे वर्षांनीही ठाऊक आहे, आणि नवरीच्या मनात काय होतं ते कुणी लिहिलं नाही. आपल्या घरातही आजीच्या लग्नात किती पानं उठली हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आज संध्याकाळी आजीजवळ बसा आणि विचारा, "आजी, वरात दारात थांबली तेव्हा तुला काय वाटलं होतं?" ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत आपण ते वाचू.