सरस, पांढरा गोंद आणि उल्हास खोऱ्यातला पाऊस

उल्हास नदीच्या खोऱ्यातील जुन्या स्वयंपाकघरात लाकूड मुबलक होते, पण ते चिकटवलेले क्वचितच असे. काठवट एकाच ओंडक्यातून कोरलेली, उखळ आणि मुसळ अखंड, पोळपाट एका फळीचा. जिथे जोड टाळता येत नसे, तिथे खाच पाडून खुंटी ठोकली जाई.

सुताराला चिकटवण्याची विद्या ठाऊक नव्हती, असा याचा अर्थ नाही. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला सरस त्याच्या परिचयाचा होता. तो पाण्यात भिजत घालायचा, एका भांड्यात दुसरे भांडे ठेवून मंद आचेवर वितळवायचा आणि गरम असतानाच लावायचा. कोरड्या खोलीतले कपाट असा सरस पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवतो. पाणी मुरले की मात्र तो फुगतो, मऊ पडतो आणि सांधा सोडतो. रोज धुतल्या जाणाऱ्या काठवटीत त्याला जागा नव्हती, ती याच कारणाने.

सरसाचा हा स्वभाव अंबरनाथला फार वेगळ्या वस्तूत दिसतो. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच विमको, १९२३ साली स्थापन झाली आणि तिच्या आगपेट्यांच्या कारखान्याने अंबरनाथचे नाव दूरवर पोहोचवले. काडीच्या गुलातील रसायने एकत्र धरण्यासाठी आगपेटीच्या धंद्यात सरसच वापरला जाई. श्रावणात सर्दावलेली काडी घासताच गूल भुगा होऊन पडते, त्यात हवेतला दमट ओलावा शोषणाऱ्या या सरसाचाही वाटा असतो.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. त्याच युद्धात चिकटवण्याचा प्रश्न चक्क आकाशात गेला. ब्रिटिशांचे ‘मॉस्किटो’ हे लढाऊ विमान लाकडी होते. आरंभीच्या विमानांत दुधातील केसीनपासून केलेला गोंद होता. पुढे त्याची जागा युरिया-फॉर्माल्डिहाइड या कृत्रिम राळेने घेतली. १९४४ च्या अखेरीस भारतात या विमानांचे अपघात झाले आणि त्यांची उड्डाणे काही काळ थांबवावी लागली. संशय येथील उष्ण, दमट हवेवर होताच. चौकशीत मात्र सांध्यांतील फटी आणि निष्काळजीपणे केलेले चिकटकामही उघड झाले. गोंद कितीही उत्तम असो, फळ्या एकमेकींना नीट भिडल्या नाहीत तर तो निरुपयोगी, हे वैमानिकांच्या प्राणांची किंमत देऊन कळले.

फाळणीनंतर कल्याणच्या त्या छावणीत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. लष्करी बराकी संसारासाठी बांधलेल्या नव्हत्या. खाट, मांडणी, कपाट सारेच नव्याने हवे होते. पुढे हेच गाव फर्निचरच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाऊ लागले. अशा बाजाराला वेग लागतो, आणि सरसाची चूल पेटवत बसणे वेगाला परवडत नाही.

ती अडचण १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने दूर केली. ते आणणारे बळवंत पारेख एके काळी लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत शिपाई होते, त्यामुळे सुताराची गरज त्यांना कागदावरून समजून घ्यावी लागली नसावी. हा पांढरा गोंद म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. तापवणे नाही, दुर्गंध नाही. पाणी उडाले की पकड बसते. मर्यादाही नेमकी तिथेच आहे. साधा पांढरा गोंद सतत पाण्यात राहिला की पुन्हा मऊ होतो. म्हणूनच या कुळात पाण्याला तोंड देणारे वेगळे प्रकार नंतर तयार झाले.

आज बदलापूरच्या परिसरात शेतघरांच्या अंगणात लाकडी ओटे आणि उघडी स्वयंपाकघरे उभारली जातात, तेव्हा जुनाच प्रश्न परत येतो. मालक मरीन प्लाय मागतो. आयएस ७१० या भारतीय मानकानुसार त्या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. त्याचे थर फिनॉलिक राळेने जोडलेले असतात. विसरले जाते ते एवढेच, की कारखान्यातली राळ प्लायच्या पोटात असते. कोपऱ्यावरचा सांधा सुतार जागेवर जोडतो, आणि तिथे हाताशी असलेला साधा पांढरा गोंद लागला, तर महागडी प्लाय शाबूत राहून ओटा कोपऱ्यातून उकलतो.

अशा ठिकाणी झाकलेल्या पडवीत जलरोधक पांढरा गोंद चालतो. थेट पावसात इपॉक्सी किंवा रिसॉर्सिनॉल राळ हवी. रिसॉर्सिनॉलची काळसर रेघ सांध्यावर दिसत राहते, म्हणून हौशी मालक नाक मुरडतात. पण ओल्या जागेत तिच्या तोडीचे फार थोडे आहे. साग वापरायचा तर रंधा मारल्यावर लगेच चिकटवावा, कारण त्याचे अंगभूत तेल वर आले की कोणताही गोंद नीट धरत नाही. आणि चिरण्याची फळी मात्र अजूनही एकाच लाकडाची घ्यावी, काठवटीसारखी.